‘झूर’ म्हणजे दिवस, ‘झूर्ने’ म्हणजे दिवसभर : फ्रेंच शब्दांच्या छटा, थेट मराठीतून

माझ्या भाच्याच्या वहीत तीन रकाने आहेत. डावीकडे फ्रेंच शब्द, मध्ये इंग्रजी अर्थ, उजवीकडे मराठी. पहिले दोन गच्च भरलेले, तिसरा जवळजवळ कोरा. का रे, असं विचारलं तर म्हणाला, “अगं मावशी, इंग्रजी कळल्यावर मराठी कशाला लिहीत बसायचं?” आणि त्याच दमात पुढची तक्रार : “पण हे बघ ना. ‘आँ’ म्हणजे इयर, ‘आने’ म्हणजेही इयर. ‘सावुआर’ म्हणजे टू नो, ‘कोनेत्र’ म्हणजेही टू नो. एकाच गोष्टीला या लोकांना दोन-दोन शब्द लागतात कशाला?”

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांतून ऐकू येतो. दहावी-अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेणारी मुलं पूर्वीही होती. आता त्यांत कॅनडाला जाऊ पाहणाऱ्यांची भर पडली आहे. फ्रेंच चांगलं येणाऱ्या अर्जदारांना कॅनडा सरकार २०२३ पासून स्वतंत्र फेऱ्यांमधून बोलावतं. त्यासाठी ‘टेफ’ किंवा ‘टीसीएफ’ या परीक्षांत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चारही अंगांनी गुण मिळवावे लागतात. म्हणून इंजिनिअर झालेली पोरं रात्री दहाला लॅपटॉप उघडून ‘झ स्वी, त्यू ए’ (मी आहे, तू आहेस) घोकताना दिसतात.

भाच्याला मी सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते. माझ्या मते घोळ फ्रेंचमध्ये नाहीच, घोळ वहीच्या मधल्या रकान्यात आहे. फ्रेंचने वेगळे ठेवलेले कितीतरी अर्थ इंग्रजीने एका पोत्यात भरले. मराठीने त्यातले बरेच वेगळेच ठेवले आहेत. आपण मराठीतून इंग्रजीत जातो, तिथे फरक सांडून येतो आणि मग फ्रेंचच्या दारात उभं राहून विचारतो, हा फरक आला कुठून?

(उच्चारांबद्दल एकदाच : देवनागरीत फ्रेंच उच्चार साधारणच दाखवता येतात. ‘र’ घशातून येतो, ‘झ’ जरा मऊ असतो. इथे लिहिलंय तसं बोललात तर पॅरिसमध्ये लोक हसतील, पण समजून घेतील.)

## चमचा आणि चमचाभर

आधी ‘आँ’ आणि ‘आने’ घेऊ, कारण एकदा हे कुलूप उघडलं की मागची सात-आठ आपोआप उघडतात.

फ्रेंचमध्ये चमच्याला ‘क्युइयेर’ म्हणतात आणि चमचाभर साखरेतल्या ‘चमचाभर’ला ‘क्युइयरे’. तोंड म्हणजे ‘बूश’, तोंडात मावेल तेवढा घास म्हणजे ‘बूशे’. वळलेली मूठ ‘प्वँ’, मूठभर तांदूळ म्हटलं की ‘प्वान्ये’. घसा ‘गोर्झ’, पाण्याचा घोट ‘गोर्झे’. पाव भाजायची भट्टी ‘फूर’ आणि तिच्यातून एका वेळी निघणारे सगळे पाव म्हणजे ‘फूर्ने’. या शेवटच्याला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे, घाणा. भज्यांचा पहिला घाणा निघतो तसा फ्रान्समध्ये पहाटे पावांचा निघतो.

शब्दाच्या शेवटी ‘ए’ लागला की ती वस्तू बाजूला राहते आणि तिच्यात काय मावतं ते पुढे येतं. मराठीत हेच काम ‘भर’ करतो. ओंजळ आणि ओंजळभर, पोतं आणि पोतंभर.

आता हाच ‘ए’ काळाच्या शब्दांना लावा. ‘झूर’ म्हणजे दिवस, ‘झूर्ने’ म्हणजे दिवसभराचा काळ. ‘स्वार’ संध्याकाळ, ‘स्वारे’ अख्खी संध्याकाळ, आणि म्हणूनच संध्याकाळची मेजवानीही. ‘मातँ’ सकाळ, ‘मातिने’ सकाळभराचा वेळ. हा ‘मातिने’ आपल्या ओळखीचा आहे. नाटक-सिनेमाच्या ‘मॅटिनी’ खेळाचं नाव तिथूनच आलं. सुट्टीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत लोळत पडायला फ्रेंच लोक ‘लठ्ठ मातिने करणं’ म्हणतात. हा वाक्प्रचार मला फार आवडतो. सकाळ खरंच अंगावर चढल्यासारखी वाटते.

‘आँ’ आणि ‘आने’ याच घरातले. ‘आँ’ हा मोजायचा एकक. मी वीस वर्षांचा आहे, तीन वर्षांपूर्वी घर घेतलं, अशा ठिकाणी आकड्यापाठोपाठ ‘आँ’ येतो. ‘आने’ म्हणजे आतून पाहिलेलं वर्ष, घटनांनी भरलेलं. यंदाचं वर्ष, कॉलेजचं पहिलं वर्ष, कित्येक वर्षं गेली, साठचं दशक, इथे ‘आने’. गंमत एक जानेवारीला कळते. त्या दिवसाचं नाव ‘नुव्हेल आँ’, कारण तो कॅलेंडरवरचा टप्पा आहे. शुभेच्छा मात्र ‘बोन आने’ अशी द्यायची, कारण शुभेच्छा बारा महिन्यांसाठी असते, एका तारखेसाठी नाही.

भाचा म्हणाला, “पण लिंगही बदलतं. ‘आँ’ पुल्लिंगी, ‘आने’ स्त्रीलिंगी. हे कसं लक्षात ठेवायचं?” मी त्याला दोन वाक्यं म्हणायला लावली. ‘बसची वेळ झाली.’ ‘बसने फार वेळ घेतला, माझा सगळा वेळ गेला.’ ती वेळ आणि तो वेळ! घड्याळातल्या खुणेला आपण स्त्रीलिंगी करतो आणि लांबीला पुल्लिंगी. फ्रेंचने नेमकं उलट केलं आहे, पण करामत तीच. पुण्या-मुंबईतलं पाच वर्षांचं पोरही ‘माझी वेळ गेली’ आणि ‘माझा वेळ गेला’ यांत गफलत करत नाही, आणि त्याला हा नियम कोणी शिकवलेला नसतो.

अपवाद आहेत. ‘गेल्या वर्षी’ला ‘आँ’ही चालतो आणि ‘आने’ही. दर वेळी तराजू काढू नये.

## बेकरीत शिरताना एक, निघताना दुसरं

मला स्वतःला हा फरक पुस्तकातून कळला नव्हता. ल्यों शहरातल्या एका छोट्या बेकरीत पहिल्यांदा गेले, पाव घेतला, पैसे दिले आणि निघताना मोठ्या उत्साहाने म्हटलं, “बोंझूर!” काउंटरमागच्या बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की मी पुन्हा नव्याने आत आले आहे, आता दुसरा पाव मागणार. मग त्या सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाल्या, “बोन झूर्ने, मादाम.”

‘बोंझूर’ हे भेटीचं, ‘बोन झूर्ने’ निरोपाचं. पुढचा उरलेला दिवसभर चांगला जावो, असं निघताना म्हणायचं असतं, म्हणून ‘भर’वाला शब्द. संध्याकाळीही तसंच : येताना ‘बोंस्वार’, जाताना ‘बोन स्वारे’. आणि दुकानात शिरताना बोंझूर न म्हणता थेट ‘एक पाव द्या’ म्हणणं हा फ्रान्समध्ये उद्धटपणा समजतात.

त्याच बाईंनी आधी मला विचारलं होतं, “स्युर प्लास ऊ आ आँपोर्ते?” शब्दकोश उघडून मी ‘जागेवर की वाहून नेण्यासाठी’ असं काहीतरी जुळवत बसले. मागे रांग वाढत होती. मराठीत तो प्रश्न आपण रोज ऐकतो : इथेच खाणार की पार्सल?

## माहीत असणं, ओळखणं आणि येणं

इंग्रजीत एकच ‘नो’ आहे. त्या माणसाला नो करतो, पत्ता नो करतो, पोहायचं कसं तेही नो करतो. मराठीत असं बोलून बघा : ‘मला पोहणं माहीत आहे.’ ऐकणारा म्हणेल, माहीत आहे ते ठीक, पण पोहता येतं का?

‘सावुआर’मध्ये आपलं ‘माहीत असणं’ आणि ‘येणं’ ही दोन्ही बसतात. ती कुठे राहते हे मला माहीत आहे, तो येणार हे मला माहीत आहे, मला पोहता येतं, या सगळ्यांना ‘सावुआर’. ‘कोनेत्र’ म्हणजे ओळख असणं, परिचय असणं. माणूस, गाव, एखादा राग, एखादा पदार्थ. शिकवणारे सांगतात की ‘कोनेत्र’नंतर नाम येतं, ‘सावुआर’नंतर बहुधा अख्खं वाक्य किंवा क्रियापद. नियम बरोबर आहे, पण माझी चाचणी सोपी आहे. वाक्यात ‘ओळखीचं’ हा शब्द बसला तर ‘कोनेत्र’. ‘नाशिक माझ्या पायाखालचं आहे’ असं म्हणणारा माणूस फ्रेंचमध्ये ‘कोनेत्र’च वापरणार.

आणखी एक बारकावा आहे आणि तिथे तर मराठी थेट हाताला धरून नेते. ‘सावुआर’चे भूतकाळ दोन. ‘झ साव्हे’ म्हणजे मला माहीत होतं. ‘झे स्यू’ म्हणजे मला कळलं. ‘कोनेत्र’चंही तसंच : एका रूपात मी त्याला ओळखत होते, दुसऱ्यात माझी त्याच्याशी ओळख झाली. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना याचा वेगळा धडा असतो. आपल्याला ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ यांतला फरक भांडणातसुद्धा चुकत नाही. (‘तुला माहीत होतं!’ ‘नाही, मला आत्ता कळलं!’)

मराठीचा असा फुकटचा फायदा आणखीही ठिकाणी मिळतो. ‘सा म प्ले’ या वाक्याची बांधणी ‘हे मला आवडतं’ अशीच आहे. आवडणारी गोष्ट कर्ता आणि मी ‘मला’. ‘तुझी आठवण येते’ या अर्थी फ्रेंच माणूस ‘त्यू म मांक’ म्हणतो, शब्दशः ‘तू मला उणा पडतोस’. इंग्रजीत मी कर्ता असतो आणि तू कर्म, म्हणून इंग्रजीवरून वाक्य बांधणारी मुलं इथे हमखास उलटी होतात आणि ‘तुला माझी आठवण येते’ असं सांगून मोकळी होतात.

## कोरं करकरीत की नुसतंच नवं?

शेजाऱ्याने गाडी घेतली. नवी. पण शोरूममधून आणलेली की कोणाची तरी वापरलेली? मराठीत शोरूमच्या गाडीला आपण ‘कोरी करकरीत’ म्हणतो, फ्रेंचमध्ये तिला ‘व्हुआत्यूर नव्ह’ म्हणतात. जुन्या बाजारातून आणलेली, पण शेजाऱ्यासाठी नवी, ती ‘नुव्हेल व्हुआत्यूर’. कोरं ते ‘नफ’ (स्त्रीलिंगी ‘नव्ह’), आधीच्यापेक्षा वेगळं ते ‘नुव्हो’.

‘नफ’चा आणखी एक अर्थ आहे : नऊ. मराठी माणसाला याचं आश्चर्य वाटू नये, कारण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवीनही आणि नऊही. फ्रेंचची आई लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे ही जोडी दोन्हीकडे जवळजवळ सारख्या आवाजात उरली.

पॅरिसमध्ये सीन नदीवर ‘पों नफ’ म्हणजे ‘नवा पूल’ आहे. बांधकाम १५७८ मध्ये सुरू झालं, १६०७ मध्ये पूल खुला झाला आणि आज तो शहरातला सीनवरचा सर्वात जुना उभा पूल आहे. पुणेकरांना हे सांगायची गरज नाही. शनिवारवाड्याजवळच्या पुलाला अजूनही ‘नवा पूल’ म्हणणारे आहेत आणि तोही काही काल-परवाचा नाही.

काही विशेषणांना फ्रेंचने दोन शब्द न देता दोन जागा दिल्या आहेत. नामाच्या आधी एक अर्थ, नामानंतर दुसरा. ‘मा प्रोप्र शांब्र’ म्हणजे माझी स्वतःची खोली, ‘मा शांब्र प्रोप्र’ म्हणजे माझी स्वच्छ खोली. (भाच्याच्या बाबतीत पहिलं खरं आहे, दुसरं नाही.) ‘आँस्येन एग्लीझ’ म्हणजे पूर्वी चर्च असलेली इमारत, आता तिथे काहीही असेल. ‘एग्लीझ आँस्येन’ म्हणजे पुरातन चर्च, घंटा अजून वाजते. आपल्या ‘माजी’ आणि ‘जुना’मधला फरक इथे जागेवरून कळतो. ‘ग्राँतोम’ म्हणजे थोर पुरुष, ‘ओम ग्राँ’ म्हणजे उंच पुरुष. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले शार्ल द गोल १.९६ मीटर उंच होते, त्यामुळे त्यांना दोन्ही लागू. पॅरिसच्या पाँथेओँ या स्मारकाच्या माथ्यावर ‘थोर पुरुषांस, कृतज्ञ मातृभूमीकडून’ अशा अर्थाचा लेख आहे, तो या पहिल्या ‘ग्राँ’चा. त्या पुरुषांमध्ये १९९५ साली मारी क्युरी यांचे अवशेष ठेवले गेले. लेख तसाच आहे.

## नदी कुठे जाऊन मिळते?

माझा सर्वात आवडता जोड हा. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळणारी नदी ‘फ्लव्ह’ आणि दुसऱ्या नदीला मिळणारी ‘रिव्हिएर’. लांबीचा, पाण्याचा, पुण्याईचा काही संबंध नाही. मार्न नदी ५१४ किलोमीटर लांब आहे, पण पॅरिसच्या तोंडाशी येऊन सीनला मिळते, म्हणून बिचारी रिव्हिएर. नॉर्मंडीत व्हल नावाचा एक ओहोळ आहे, जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आतला. गावातून वाहत थेट समुद्रात जातो आणि ‘फ्रान्समधला सर्वात छोटा फ्लव्ह’ म्हणून मिरवतो.

हा नियम आपल्या नकाशावर ठेवून बघा. गोदावरी आणि कृष्णा फ्लव्ह, ठीक. पण भीमा शेवटी कृष्णेला मिळते, म्हणजे पंढरपूरची चंद्रभागा रिव्हिएर! इंद्रायणी रिव्हिएर, मुळा-मुठा रिव्हिएर. आणि चिपळूणची वाशिष्ठी, गोव्याची मांडवी, सह्याद्रीतून निघून बघता बघता अरबी समुद्र गाठणाऱ्या कोकणातल्या अशा सगळ्या मुख्य नद्या, फ्लव्ह. देशावरच्या माणसाला हे अन्यायाचं वाटेल. कोकणी माणूस गालातल्या गालात हसेल.

फ्रेंच लोक रोजच्या बोलण्यात हे पाळतात का? शाळेत सगळे शिकतात. सहलीला गेल्यावर मात्र ‘नदीत पोहायला जाऊ’ म्हणताना बहुतेकांच्या तोंडी रिव्हिएरच येतं. भूगोलाच्या पेपरात चूक केली तर गुण जातात, एवढंच.

## अरे-तुरे आणि अहो-जाहो

‘त्यू’ म्हणजे तू, ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. इथे मराठी माणसाला काही समजावावं लागत नाही, असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच फसगत होते.

सारखेपणा खरंच खूप आहे. फ्रेंचमध्ये ‘त्यूत्वाये’ आणि ‘व्हूव्हुआये’ अशी क्रियापदं आहेत. इंग्रजीत ती वाक्यं करून समजावावी लागतात, मराठीत शब्द तयार आहेत : अरे-तुरे करणं, अहो-जाहो करणं. ऑफिसात नवा सहकारी चार दिवसांनी “ओं स त्यूत्वा?” असं विचारतो, तेव्हा तो म्हणत असतो, “अरे-तुरे करूया का आता?”

वेगळेपणा कुठे? आपल्याकडे वय आणि नातं बघून ठरतं, तिथे बरंचसं जवळिकीवरून. फ्रेंच मूल आई, वडील, आजी, आजोबा सगळ्यांना ‘त्यू’ म्हणतं. आपल्याकडे आईला तू असलं तरी कित्येक घरांत वडिलांना तुम्हीच. उलट दुकानदार, टॅक्सीवाला, वेटर या अनोळखी मोठ्या माणसांना फ्रान्समध्ये ‘व्हू’ म्हणावंच लागतं, मग ते तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान का असेनात. हॉटेलातल्या पोऱ्याला ‘ए, पाणी आण’ म्हणायची सवय घेऊन गेलात तर पंचाईत होईल. देवाला आपण तू म्हणतो. फ्रेंच कॅथलिक मंडळी ‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना पूर्वी ‘व्हू’ने म्हणत, १९६६ पासून ‘त्यू’ने म्हणतात. माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत एकमेकांना ‘व्हू’ म्हणत. आपल्या आज्या आजोबांना ‘अहो’ म्हणत, पण उत्तर ‘अगं’ असं यायचं. शिराक यांच्याकडे ‘अहो’ दोन्ही बाजूंनी होतं.

आणि हे काही जुनं झालेलं नाही. १८ जून २०१८ रोजी पॅरिसजवळ मों-व्हालेरियँ इथल्या सरकारी समारंभात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष इमान्युएल माक्रों यांना “काय मानू, कसं काय?” अशा थाटात हाक मारली (‘मानू’ हे इमान्युएलचं लाडकं रूप). माक्रोंनी तिथेच थांबून त्याला सुनावलं की मला ‘मिस्टर प्रेसिडेंट’ किंवा ‘सर’ म्हणायचं. चित्रफीत सगळीकडे फिरली. ती ऐकताना माझं लक्ष दुसरीकडेच होतं. आदराचा धडा देताना माक्रों त्या मुलाला ‘त्यू’ म्हणत होते. मोठ्याने लहानाला तू म्हणायचं आणि लहानाने मोठ्याला साहेब, हे आपल्याला अगदी घरचं वाटतं.

## मग फ्रेंच भाषा मराठीपेक्षा नेमकी म्हणायची का?

इथपर्यंत वाचून कोणाला तसं वाटलं असेल तर थांबा. फ्रेंच लोकांनाही आपली भाषा जगातली सर्वात स्वच्छ आणि काटेकोर भाषा वाटते. हे प्रेमापोटीचं बोलणं आहे.

‘ओत’ हा शब्द घ्या. अर्थ : यजमान. दुसरा अर्थ : पाहुणा. एकच शब्द! कोण कोणाला जेवू घालतंय ते संदर्भावरून ओळखायचं. ‘लुए’ म्हणजे भाड्याने देणं आणि भाड्याने घेणंही. घरमालक आणि भाडेकरू दोघंही ‘मी घर लुए करतो’ म्हणतात. ‘झ तेम’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्याला ‘चांगलं’ या अर्थाचा ‘ब्यँ’ जोडला तर प्रेम वाढायला हवं. पण ‘झ तेम ब्यँ’ म्हणजे ‘तू आवडतोस मला, माणूस म्हणून’. हे न कळल्यामुळे किती जणांनी उगाच आशा धरली असेल देव जाणे.

आणि नाती? तिथे फ्रेंच आपल्यापुढे अगदीच भोळी. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्यांना एकच शब्द : ‘बेल-सर’, शब्दशः ‘सुंदर बहीण’. सासूही ‘बेल-मेर’ आणि सावत्र आईही ‘बेल-मेर’. (हे ‘सुंदर’ म्हणजे मध्ययुगातलं आदराचं संबोधन. सासूच्या रूपाशी त्याचा संबंध नाही.) भाचा आणि पुतण्या एकच. मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ, सगळे ‘कुझँ’. मराठी घरातली कुठलीही मध्यम आकाराची भानगड फ्रेंचमध्ये सांगायची तर आधी वंशावळ काढावी लागेल.

जिथे ज्या समाजाला फरक पडतो तिथे तो शब्द फोडतो. एकत्र कुटुंबात नणंद आणि जाऊ यांचे हक्क, रुसवे आणि कामं वेगळी होती, म्हणून शब्द वेगळे.

## एवढ्याशा फरकाने बिघडतं काय?

बेकरीत काही बिघडत नाही. संयुक्त राष्ट्रांत बिघडतं. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ संमत केला. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेशांतून’ या शब्दाआधी ‘द’ नाही. त्यावरून इस्रायलची बाजू म्हणते, ‘सर्व’ प्रदेश असं कुठे लिहिलंय? फ्रेंच मसुद्यात मात्र ‘दे तेरित्वार’ आहे आणि या ‘दे’च्या पोटात ‘ते ठरावीक’ हे उपपद दडलेलं आहे. अरब बाजू त्याकडे बोट दाखवते. इंग्रजीत गाळलेली तीन अक्षरं फ्रेंचमध्ये हजर असल्यावर खरा मसुदा कोणता, हा वाद पन्नास वर्षं उलटली तरी मिटलेला नाही. मराठीत हे वाक्य लिहा : ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’. सर्व की काही? आपली भाषा इथे गप्प बसते, कारण आपल्याकडे असं उपपदच नाही.

## मोबाईल सांगेल की सगळं!

भाच्याचा शेवटचा बाण हा होता. मोबाईल मदत करतो, नाही असं नाही. पण तुम्ही मराठी मनातलं वाक्य आधी इंग्रजीत टाकून मग फ्रेंच मागितलंत तर वहीचा मधला रकानाच यंत्रात गेला. इंग्रजीत ‘यू’ लिहिलंत की यंत्राला कसं कळणार, समोर तुमचा मित्र आहे की मुलाखत घेणारे साहेब? ते अंदाज करणार.

शिवाय इंग्रजीसारखे दिसणारे फ्रेंच शब्द आहेतच. फ्रेंच लोक त्यांना ‘खोटे मित्र’ म्हणतात. ‘लिब्रेरी’ म्हणजे ग्रंथालय नाही, पुस्तकांचं दुकान. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे खरं तर नव्हे, सध्या. ‘प्रेझेर्व्हातीफ’ म्हणजे लोणचं टिकवायचं औषध समजून दुकानात मागू नका, निरोध मिळेल.

भाच्याने तिसरा रकाना भरायला घेतला आहे. मागच्या आठवड्यात त्याने वहीचा फोटो पाठवला. ‘झूर्ने’समोर ‘दिवसभर’, ‘फूर्ने’समोर ‘घाणा’, ‘नफ’समोर ‘कोरं’. ‘बेल-सर’समोर चार शब्द लिहून कंस केला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह.

त्याचा मोठा भाऊ आणि वहिनी मॉन्ट्रियलला असतात. माझा बेकरीतला किस्सा त्याने वहिनीला रंगवून सांगितला आणि लगोलग तिचं उत्तर मला पुढे पाठवलं. तिकडे, कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतात, सकाळच्या न्याहारीला ‘देझने’ म्हणतात, दुपारच्या जेवणाला ‘दिने’ आणि रात्रीच्या जेवणाला ‘सुपे’. फ्रान्समध्ये ‘देझने’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘दिने’ रात्रीचं, तेव्हा जेवायला बोलावणं आलं तर आधी वाजता किती ते विचारायचं. ‘त्यू’ तिकडे बरंच सढळ हाताने वापरतात. आणि दुकानातून निघताना लोक खुशाल ‘बोंझूर’ म्हणतात.

म्हणजे त्या दिवशी माझा शब्द बरोबर होता, फक्त महासागर चुकला होता.